मिक्स स्क्रूचा डबा: भोर-वेल्ह्याच्या घरांसाठी स्क्रूची पारख

हार्डवेअरच्या दुकानात, बाजारातल्या हत्यारांच्या पालावर आणि ऑनलाइन मिळणारा मिक्स स्क्रूचा डबा म्हणजे कप्पे पाडलेली प्लास्टिकची पेटी. तिच्यात लाकडाचे, पत्र्याचे, जिप्समचे आणि नट-बोल्टच्या आट्यांचे लहानमोठे स्क्रू असतात, सोबत थोडे वॉशर आणि भिंतीच्या गिट्ट्या. नग पुष्कळ, किंमत थोडी, आणि घरात कधी काय लागेल याचा नेम नाही, म्हणून हा डबा घेतला जातो. त्याचा स्वस्तपणा हा दोष नव्हे. दोष असा की कोणत्या कप्प्यातला स्क्रू कसल्या पोलादाचा, किती कडक केलेला आणि त्यावरचा मुलामा किती जाड, यातले काहीच डब्यावर नसते. कोरड्या, हलक्या कामात त्याने बिघडत नाही. छप्पर, दार किंवा ओली जागा आली की बिघडते, आणि भोर-वेल्ह्याच्या घरांत याच जागा अधिक.

स्क्रू कमी कार्बनच्या पोलादी तारेपासून बनतो. तार कापून थंड असतानाच ठोकून तिला डोके आणि खाच आणतात, मग दोन साच्यांमध्ये लाटून आटे उठवतात. त्यानंतर भट्टीत वरच्या थरात कार्बन मुरवतात. त्यामुळे स्क्रू बाहेरून कडक होतो आणि आतून चिवट राहतो. शेवटी विजेच्या साहाय्याने जस्ताचा पातळ मुलामा चढवतात. स्वस्त मालात पैसे वाचवले जातात ते भट्टीत आणि मुलाम्यात, कारण हे दोन्ही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना दिसत नाही. भट्टी कमी पडली तर स्क्रू मऊ राहतो आणि डोक्यातली फुली ड्रायव्हरखाली गोल होते. जास्त झाली तर तो ठिसूळ होतो आणि शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात डोके हातात येते. तिसरा दोष फसवा आहे. कडक पोलादावर मुलामा चढवताना त्यात हायड्रोजन शिरतो. मुलाम्यानंतर स्क्रू पुन्हा तापवून तो बाहेर काढावा लागतो. ही पायरी गाळली असेल तर घट्ट बसलेला स्क्रू काही तासांनी किंवा दिवसांनी, कोणी हात न लावता, तुटतो. सुताराच्या हाताला मग उगाच बोल लागतो.

झिजलेल्या साच्यांवर काढलेला माल मात्र नजरेला कळतो: फुली मध्यावर नसते किंवा उथळ असते, टोक बोथट असते, डोक्याच्या कडेला तारेची शेपटी राहिलेली असते. टोकाचे महत्त्व आज कोणाच्या लक्षात येत नाही, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लाकडाचे स्क्रू बोथट टोकाचेच असत आणि आधी पूर्ण भोक पाडल्याशिवाय ते शिरत नसत. टोकदार स्क्रूचे पेटंट अमेरिकेत थॉमस स्लोन यांना १८४६ मध्ये मिळाले आणि १८५४ मध्ये बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्ड यांनी त्याचे हक्क घेतले. हाच कारखाना पुढे गेस्ट, कीन अँड नेटलफोल्ड्समध्ये सामील झाला. त्याच परंपरेतल्या हावड्याच्या गेस्ट कीन विल्यम्सचे स्क्रू भारतात अनेक वर्षे दर्जाचे माप मानले गेले. त्या काळातल्या दाराचा स्क्रू आज काढला तर पुष्कळदा तो पुन्हा वापरता येतो. मिक्स डब्यातल्या मालाबद्दल असे म्हणता येत नाही.

दुकानात लाकडाचा स्क्रू नंबरवर आणि लांबीवर मागतात: आठ नंबर, दीड इंच. नंबर म्हणजे जाडी. सहा नंबर सुमारे ३.५ मिलिमीटर, आठ नंबर ४.२ आणि दहा नंबर ४.८ मिलिमीटर. मिक्स डब्यात मापे बहुधा मिलिमीटरमध्ये असतात आणि ३, ३.५, ४ अशी असतात. चार मिलिमीटरचा स्क्रू आठ नंबरच्या जागी चालून जातो, पण आठ नंबरच्या जुन्या, सैल भोकात तो धरत नाही. सपाट डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्यासकट मोजतात, गोल डोक्याची डोक्याखालून. हे ठाऊक नसले की एकाच लांबीचे म्हणून घेतलेले दोन स्क्रू वेगळे निघतात आणि एखादा फळीच्या पलीकडे टोक काढतो.

नवा डबा कामाला लावण्याआधी तपासणे अवघड नाही. एका कप्प्यातले दहा स्क्रू काढून पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी डोक्यावर उभे करावेत. चांगल्या मालाची पहिली खूण एकसारखेपणा आहे: उंची सारखी, टोके सरळ, आटे टोकापर्यंत गेलेले. त्यानंतर योग्य मापाचा बिट फुलीत बसवून स्क्रू आडवा धरावा. बिटला चिकटून तो गळून न पडता राहिला तर खाच नीट आहे. लोहचुंबकी बिट मात्र या परीक्षेला चालणार नाही. बहुतेक घरगुती फुली-स्क्रूंना दोन नंबरचा बिट लागतो. डोक्यावर मोठ्या फुलीच्या मधोमध आणखी बारीक रेघा दिसल्या तर तो पोझिड्राइव्ह प्रकार आहे आणि त्याला त्याचाच बिट हवा. साध्या फुलीच्या बिटने तो फिरवला की खाच खराब होते आणि दोष स्क्रूवर जातो.

कडकपणा पाहायला एक स्क्रू शिकंज्यात अर्धा पकडून पक्कडीने वाकवावा. चांगला स्क्रू आधी थोडा वाकतो, मग तुटतो. मेणासारखा वाकत गेला तर तो मऊ आहे. वाकण्याआधीच काच तुटल्यासारखा तुकडा उडाला तर ठिसूळ. तुकडा उडतोच, म्हणून चष्मा घालून आणि मुलांना दूर ठेवून हे करावे. खरी परीक्षा लाकडात होते. सागाच्या किंवा बाभळीच्या टाकाऊ तुकड्यात बेताचे भोक पाडून पाच स्क्रू पूर्ण बसवावेत आणि परत काढावेत. पाचांपैकी एकाचे जरी डोके तुटले किंवा खाच फिरली तरी तो कप्पा दारा-छपराच्या कामातून बाद समजावा. मुलाम्यासाठी मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात चार-सहा स्क्रू गुंडाळून दोन दिवस ठेवावेत. पांढरी भुकटी दिसली तर जस्त अजून आपले काम करत आहे. लाल डाग उठले तर मुलामा नावापुरता होता.

पितळी आणि स्टेनलेस म्हणून विकले जाणारे स्क्रू वेगळे पाहावे लागतात. पितळेला लोहचुंबक मुळीच चिकटत नाही, म्हणून पितळी रंगाचा स्क्रू चिकटला तर आत लोखंड आहे, हा निकाल पक्का. स्टेनलेसच्या बाबतीत लोहचुंबकावर भिस्त ठेवता येत नाही. चांगल्या ३०४ दर्जाचा स्क्रूही थंड ठोकून घडवल्यामुळे किंचित ओढला जातो. ४१० दर्जाचा तर पूर्ण चिकटतो; तो स्टेनलेस असतो, पण ओल्यात ३०४ च्या आधी डाग धरतो. २०२ दर्जाच्या मालात निकेल कमी असते. तो दिसायला तितकाच चकचकीत, पण गंज रोखण्यात उणा. इथे नजरेपेक्षा बिलावर दर्जा लिहून घेणे बरे.

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड तालुका) या भागाला ही पारख अधिक लागते, कारण इथे पाऊस एकसारखा नाही. वरंध घाटाकडचा हिरडस मावळ, नीरा-देवघर आणि भाटघर धरणांची वरची खोरी, तोरण्याखालचे कानद खोरे, केळद आणि मढे घाटाचा माथा इथे जून ते सप्टेंबर भिंती सुकत नाहीत. नसरापूर, कापूरहोळ, किकवीकडे उतरले की पाऊस झपाट्याने कमी होतो. स्वस्त स्क्रूवरचा जस्ताचा थर बहुधा पाच मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून पातळ असतो. ओल्या हवेत उघड्यावरचे जस्त वर्षाला साधारण अर्धा ते दोन मायक्रॉन झिजते. म्हणजे नसरापूरच्या घरात आत बसलेला स्क्रू वर्षानुवर्षे पांढरा राहील, तर केळदच्या पडवीतला तोच स्क्रू दोन-तीन पावसाळ्यांत लाल होईल. पानशेतच्या बाजूला महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या सुट्टीच्या घरांत तर आतली दमट हवाही बाहेर जात नाही. तिथे कपाटाच्या बिजागऱ्यासुद्धा बाहेरच्याच समजाव्यात.

सगळ्यांत जपायची जागा म्हणजे छप्पर. कौले उतरवून पत्रे घातलेली घरे या दोन्ही तालुक्यांत गावोगाव आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा सह्याद्री ओलांडून पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातही घरांचे आणि शाळांचे पत्रे उडाले. वारा पत्र्याला वरून दाबत नाही, उचलतो, आणि हे उचलणे कडांना, पाखीच्या टोकाला आणि आढ्याजवळ सर्वाधिक असते. तिथे धरून ठेवायला स्क्रूचे आटे आणि त्याखालचा वॉशर यांच्याशिवाय काही नसते. म्हणून छपरावर मिक्स डब्यातला एकही स्क्रू जाऊ नये, अगदी एखादा कमी पडला म्हणूनही नाही. षटकोनी डोक्याचे, छपरासाठीच बनवलेले सेल्फ ड्रिलिंग स्क्रू एकाच खोक्यातून घ्यावेत. जाडी साधारण ५.५ मिलिमीटर असावी, आणि लांबी इतकी की पत्रा आणि खालचा पाइप भेदून निदान तीन आटे पलीकडे निघावेत. लाकडी वाशांवर किंवा रिपांवर पत्रा असेल तर टोकाला ड्रिल असलेला नव्हे, तर लाकडासाठीचा टोकदार, रुंद आट्यांचा स्क्रू लागतो. ही गल्लत सर्रास होते, आणि लोखंडाचा स्क्रू लाकडात धरल्यासारखा वाटतो तो पहिल्या वाऱ्यापर्यंत.

वॉशर हा या स्क्रूचा अर्धा भाग आहे. त्याखालचे रबर ईपीडीएमचे असावे. बोटांत दुमडून सोडले की ते लगेच मूळ आकाराला येते. प्लास्टिकसारखे ताठ राहिले किंवा दुमडीवर पांढरी रेघ उमटली तर एक-दोन उन्हाळ्यांत ते तडकणार. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारावा, खाली मारला तर पाणी त्याच्याच भोवती साचते. घट्ट किती करायचे हे रबर सांगते: वॉशरच्या कडेला ते जेमतेम डोकावले की थांबावे. चिरडून बाहेर आलेले रबर गळतीला आमंत्रण देते. कडांना आणि आढ्याजवळ स्क्रू जवळजवळ घ्यावेत, मध्ये थोडे विरळ चालतात. पत्रा कापताना आणि भोक पाडताना पडलेला लोखंडी कीस त्याच दिवशी झाडून काढावा. पहिल्या पावसात तो गंजतो आणि नव्या पत्र्यावर डाग धरतात, मग नाव स्क्रूचे होते.

दाराच्या बिजागरीत स्क्रू दोन ठिकाणी कमी पडतो. एक, डोके. बिजागरीची वाटी आणि स्क्रूचे डोके यांचे माप जुळले नाही तर डोके वर राहते आणि दार लागत नाही. मिक्स डब्यात एकाच कप्प्यातली डोकी लहानमोठी निघतात, म्हणून हा त्रास नेहमीचा. दोन, लांबी. सागाच्या जड झडपेला तीन बिजागऱ्या आणि आठ नंबरचे, सव्वा ते दीड इंची स्क्रू हवेत. वरच्या बिजागरीवर भार अधिक, तिथे दीड इंचीच. पावसाळ्यात दार फुगते, ओढून लावावे लागते आणि तो सगळा जोर याच स्क्रूंवर येतो. भोक झिजले असेल तर लांब स्क्रू ठोकण्याआधी सागाची किंवा बांबूची काडी फेव्हिकॉल लावून भोकात बसवावी, दुसऱ्या दिवशी कापून सपाट करावी आणि नव्याने भोक पाडावे. जुन्या वाड्यांच्या चौकटी सांधे आणि लाकडी खुंट्यांवर उभ्या आहेत. तिथे दुरुस्तीला नवा स्क्रू घालायचा तर पितळी किंवा स्टेनलेस घ्यावा. टॅनिन असलेले लाकूड ओले झाले की लोखंडी स्क्रूभोवती काळा डाग पसरतो आणि तो रंधून काढल्याखेरीज जात नाही.

डब्यातल्या काळ्या स्क्रूबद्दल वेगळे सांगायला हवे. तो जिप्समच्या पत्र्यासाठी असतो. त्यावर जस्त नसते, फॉस्फेटचा थर असतो; पोलाद कडक आणि ठिसूळ, मान बारीक. ड्रिल मशीनने झटक्यात बसतो म्हणून प्लायवूडच्या कपाटापासून गोठ्याच्या फळकुटापर्यंत सगळीकडे तोच मारला जातो. कोरड्या फर्निचरच्या आत, भार नसलेल्या जागी तो निभावतो. जिथे लाकूड फुगते-आकसते किंवा फळीवर वजन आहे तिथे त्याची मान तुटते, आणि ओल लागली की गंज आधी त्यालाच चढतो. स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या मांडणीला हा स्क्रू असेल तर तो बदलून घ्यावा.

भिंतीला टांगायच्या वस्तूत स्क्रूपेक्षा गिट्टी महत्त्वाची. सुतार तिला फिशर म्हणतात, ते जर्मनीतल्या आर्टूर फिशर यांच्यावरून. फुगणारी नायलॉनची गिट्टी त्यांनी १९५८ मध्ये आणली. डब्यात येणाऱ्या गिट्ट्या बहुधा ताठ प्लास्टिकच्या असतात. त्या नखाने दाबून दबत नसतील तर फेकून नायलॉनच्या घ्याव्यात. पक्क्या विटेत आणि काँक्रीटमध्ये गिट्टी नीट फुगते. मातीत रचलेल्या दगडी भिंतीत ती धरत नाही, कारण भोक बहुधा मातीच्या सांध्यात पडते आणि गिट्टी फुगताच माती सरकते. तिथे सागाची पाचर सिमेंटमध्ये बसवून तिच्यात लाकडाचा स्क्रू मारावा. टाकी, गिझर किंवा पंख्याचा भार स्क्रूवर मुळीच देऊ नये. त्याला अँकर बोल्ट.

गोठा आणि न्हाणीघर या जागा सगळ्यांत वाईट. शेणमुताचा अमोनिया आणि ओल मिळून जस्त खातात, म्हणून गोठ्यात गरम जस्तात बुडवलेले, म्हणजे खरबरीत करड्या थराचे, जाड बोल्ट किंवा ३०४ स्टेनलेस. न्हाणीघरातही तेच. विजेच्या बोर्डातला पट्टीचा स्क्रू हरवला तर त्याच आट्याचा आणावा. डब्यातला दुसरा बळेच फिरवला की तार सैल राहते आणि तिथे ठिणगी पडते.

स्क्रू कितीही चांगला असला तरी बसवण्याची रीत चुकली तर तो तुटतो. आठ नंबरच्या स्क्रूला सागात साधारण ३ मिलिमीटरचे भोक, मऊ लाकडात २.५. वरच्या फळीत मात्र स्क्रू सैल जाईल असे मोठे भोक हवे, नाहीतर दोन फळ्यांमध्ये फट राहते. आट्यांना मेण लावावे; साबण नको, तो ओल ओढतो. पितळी स्क्रू घालण्याआधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू एकदा बसवून काढावा, म्हणजे पितळेच्या मऊ आट्यांना जोर लागत नाही. ड्रिल मशीनचा क्लच कमी आकड्यावर ठेवून शेवटचे दोन फेरे हाताने द्यावेत. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डच्या कडेत स्क्रू मारणे शक्यतो टाळावे. तो बोर्ड पावसाळ्यात फुगला की भोकातले आटे कायमचे जातात.

फुली गोल झाली तर करवतीच्या पात्याने डोक्यावर आडवी खाच पाडून सपाट ड्रायव्हर लावता येतो. डोके तुटले आणि थोडा दांडा वर असेल तर पक्कडीने फिरवावा. गंजलेल्याला गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर ठेवावे. घाईने जोर केला की उरलेलेही तुटते.

खरेदीला जाताना हातात कामाची यादी असली तर मिक्स डब्याची गरज बहुतेक उरत नाही. आठ नंबरचे एक आणि दीड इंची, सहा नंबरचे पाऊण इंची, आणि थोडे स्टेनलेस, इतके शंभराच्या खोक्यात किंवा किलोवर घेतले तर घरातली निम्म्याहून अधिक कामे होतात, आणि तुटलेला एक नग बदलायला तसाच दुसरा हाताशी असतो. भारतीय मानक ब्युरोचे लाकडाच्या स्क्रूंसाठीचे मानक आयएस ४५१ आहे. खोक्यावर त्याचा उल्लेख आणि मानक चिन्ह आहे का ते पाहावे. आयातीच्या स्वस्त मालाला आळा म्हणून केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये किलोला १२९ रुपयांपेक्षा कमी आयात किमतीच्या काही प्रकारच्या स्क्रूंना बंदी घातली. मात्र किमतीचा असा आकडा दर्जाचा दाखला नव्हे, म्हणून वरच्या परीक्षा सोडू नयेत. उरलेला मिक्स डबा तसबिरी, खेळणी, खुर्चीची पाठ, हलक्या खुंट्या अशा कोरड्या कामांना ठेवावा, झाकण लावून आणि जमिनीपासून वर.

२०११ च्या वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियमांनुसार बंद पाकिटावर उत्पादक, पॅक करणारा किंवा आयातदार यांचे नाव-पत्ता, नगसंख्या किंवा वजन, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष, ग्राहक तक्रारीचा संपर्क आणि आयात माल असल्यास मूळ देश छापलेला असावा लागतो. हे नसलेला डबा दुकानात परत द्यावा, आणि दुकानदार घेत नसेल तर जिल्ह्याच्या वैधमापन यंत्रणेकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्यासाठी बिल जपून ठेवावे.